भिंतीवरचं वचन आणि डायलिसिसचा वार

प्रिय मावशी,

जय ख्रिस्त. मी दापोडीला राहते, वय ४३. आमचे हे भोसरीत एका प्रेसशॉपमध्ये कामाला होते. शुगर आणि बीपी जुनंच. दोन वर्षांपूर्वी पाय सुजायला लागले, तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. तेव्हापासून डायलिसिस चालू आहे. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा सांगितलंय. आम्ही दोनदाच करतो, कारण दर वेळी रिक्षा, माझा खाडा आणि वरची औषधं. ह्यांची नोकरी गेली. मी पहाटे चारला उठून दोन मेसना पोळ्या करून देते, दीडशे ते पावणेदोनशे. मुलगी बारावीला आहे.

रविवारी चर्चच्या दारात सगळे विचारतात, "कसं चाललंय?" मी म्हणते, "प्रभूची कृपा." घरी आले की मोरीत नळ सोडून रडते. एकदा बादली वाहून पाणी बाहेरच्या खोलीत आलं, तरी मला पत्ता नाही.

महिन्यापूर्वी नणंदेच्या ओळखीचे एक प्रचारक घरी प्रार्थनेला आले होते. म्हणाले, घरात कबूल न केलेलं काहीतरी पाप आहे. आणि म्हणाले, विश्वासाने पाऊल टाका, मशीन सोडा, देव नवी किडनी देईल. ह्यांनी ते मनावर घेतलंय. गेल्या गुरुवारी गेलेच नाहीत. रात्री धाप लागली, तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीतून न्यावं लागलं. तरी म्हणतात, आता देवावर सोडलंय.

आमच्या हॉलमध्ये बायबलमधल्या फिलिप्पै ४:१३ या वचनाची फ्रेम आहे, लग्नात मिळालेली. परवा ती मी भिंतीकडे तोंड करून ठेवली. हे पाप आहे का? धीर धरायचा म्हणजे किती धरायचा? आणि मशीनचं काय करू? मंडळीत कुणाला काही सांगितलेलं नाही. आम्ही देणारे होतो, घेणारे नव्हतो. नाव छापू नका.

– दापोडीची एक बहीण

*

पोरी, जय ख्रिस्त.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो थांबण्यातला नाही. मशीन सोडायचं नाही. गुरुवार चुकला तो चुकला, पुढचा वार चुकता कामा नये.

हे मी मावशी म्हणून सांगतेच आहे, पण त्याआधी सिस्टर म्हणून सांगते. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ किडनीच्या वॉर्डात. धडधाकट माणसाच्या किडन्या रात्रंदिवस काम करतात. तेच काम मशीन चार तासांत जमेल तेवढं उरकतं आणि उरलेलं पुढच्या वारापर्यंत अंगात साठत जातं. एक वार चुकला की पाणी फुप्फुसात चढतं. त्या रात्रीची धाप ती हीच. दुसरं असतं पोटॅशियम. ते रक्तात वाढलं तर हृदयाचा ठोका बिघडतो आणि कधी कधी काही इशारा न देता थांबतोसुद्धा. मला हे लिहायला आवडत नाही. पण ज्याने तुमच्या घरात बसून "मशीन सोडा" म्हटलं, त्याने हे पाहिलेलं नाही, मी पाहिलंय.

ह्यांना शास्त्रातूनच ऐकायचं असेल तर बायबलमधल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाचा विसावा अध्याय काढून दे. हिज्कीया राजा मरणाला टेकलेला असतो. तो भिंतीकडे तोंड करून रडतो, देव त्याचं रडणं ऐकतो आणि यशया संदेष्टा सांगतो की तुझ्या आयुष्यात १५ वर्षं वाढवली आहेत. एवढं खुद्द देवाचं वचन हातात आहे, आणि लगेच पुढे यशया काय सांगतो? अंजिरांचा लेप आणा. लेप आणतात, गळवावर लावतात आणि राजा बरा होतो. वचन मिळालं म्हणून औषध सोडलं असं तिथे झालेलं नाही. प्रेषित पौलाबरोबर लूक होता, त्याला पौल "प्रिय वैद्य" म्हणतो. रोज वैद्याच्या सोबतीने फिरणाऱ्या प्रेषिताचा विश्वास कमी होता, असं त्या प्रचारकांचं म्हणणं असेल तर त्यांनी ते पौलालाच विचारावं.

आणि देव नवी किडनी देईल म्हणतात ना, तर त्यासाठी पुण्यात यादी आहे. मृत्यूनंतर दान झालेल्या अवयवांचं वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती बघते. तिच्याकडे नाव लागतं ते प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फत. तुमच्या डॉक्टरांना विचार, ह्यांचं नाव लावता येईल का. वाट लांबची असते, पण त्या वाटेवर माणूस जिवंत राहतो तो मशीनवरच.

आता एक नाजूक गोष्ट. "देवावर सोडलंय" असं म्हणणारे पुष्कळ पुरुष मी खाटेवर पाहिले. त्यातल्या काहींना खरोखर विश्वासाचं बोलायचं असे. पण बरेच जण आतून वेगळंच म्हणत असत : मी तुमच्यावर भार झालोय, मला जाऊ द्या. तोंडाने ते म्हणवत नाही, म्हणून देवाचं नाव पुढे करायचं. ज्या माणसाने पंचवीस वर्षं घरात पगार आणला, त्याला बायको पहाटे चारला कणीक मळताना ऐकू येते. तो जागाच असतो गं. एकदा संध्याकाळी मुलगी क्लासला गेली की त्यांच्या शेजारी बस आणि सरळ विचार, "तुम्हाला जगायचा कंटाळा आलाय का?" शब्द जड आहेत, पण विचारल्याने माणूस तिकडे ढकलला जात नाही, उलट तुंबलेलं वाहतं. उत्तर "हो" आलं तर पुढच्या डायलिसिसला डॉक्टरांच्या कानावर घाल, लपवू नको. टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते. तो नंबर त्यांच्यासाठी आहे तसा तुझ्यासाठीही आहे. मोरीतल्या नळापेक्षा बरा.

तिसऱ्या वाराचं बघू. तीनदा सांगितलंय आणि दोनदा होतंय, म्हणजे ह्यांची धाप, सूज आणि चिडचिड यातलं बरंचसं तिथूनच येत असणार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा. शिवाय धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, तिथे उत्पन्नाचा दाखला लागेल. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. बहुतेक लोक त्यांच्या दारावरून रोज जातात आणि आत जात नाहीत, कारण आत गेलं की आपण गरीब ठरू असं वाटतं. तू आत जा. तुझ्या "देणारे होतो, घेणारे नव्हतो" या वाक्याकडे मी येणारच आहे, पण हे काम त्यासाठी अडून राहायला नको.

पापाचं एका परिच्छेदात संपवते, कारण येशूनेही ते एका वाक्यात संपवलंय. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही, आईबापांनीही नाही. तुमच्या घरी आलेल्या माणसाने जो प्रश्न विचारला तो शिष्यांचाच होता. वर्षानुवर्षांची शुगर आणि बीपी किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात, कबूल केलेल्या आणि न केलेल्या पापांशी त्याचा संबंध नाही. नणंदेला म्हणावं, पुढच्या वेळी प्रार्थनेला जरूर या, पण निदान करायला डॉक्टर आहेत.

आता फ्रेम.

"मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे." मराठी ख्रिस्ती घरांपैकी निम्म्या घरांत हे वचन असेल. माझ्याकडेही आहे, मखमलीवर सोनेरी अक्षरांत, आमच्या मंडळीच्या महिला संघाने दिलेलं. लग्नात देतात, बारावीला देतात, नवीन रिक्षाच्या काचेवर लावतात. सगळीकडे त्याचा अर्थ एकच लावतात : तू एकटी पुरेशी आहेस, कारण देव तुझ्या पाठीशी आहे. आणि मग पहाटे चारला कणकेच्या परातीशी बसून तुला वाटतं की मला तर हे जमत नाही, म्हणजे देव पाठीशी नाही.

पोरी, पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा तो चौथा अध्याय आज रात्री दहाव्या ओवीपासून शेवटपर्यंत वाच. फ्रेम बनवणाऱ्याने जिथे कापलंय त्याच्या अलीकडे-पलीकडे काय आहे ते बघ. पौल कैदेत आहे. त्या काळात कैद्याचं खाणंपिणं बाहेरच्या माणसांनी बघितलं तर बघितलं. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हातून त्याला मदत पाठवली, आणि ही ओवी त्या मदतीची पोच देताना लिहिलेली आहे! चौदावी ओवी लगेच म्हणते की माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे ठीक केलंत. पंधरावीत शब्द आहे "देण्याघेण्याच्या बाबतीत". तुझेच शब्द, बघ. सोळावीत तो आठवण काढतो की थेस्सलनीकेला असतानाही तुम्ही माझ्या गरजेसाठी एकदा सोडून पुन्हा पाठवलं होतं. म्हणजे एकदा घेतलं, परत घेतलं आणि आता तिसऱ्यांदा घेतोय.

आणि घेताना तो किती अवघडलाय! सतराव्या ओवीत म्हणतो, मी देणगीची अपेक्षा करतो असं नाही. अकरावीत म्हणतो, मला कमी पडतंय म्हणून बोलतो असं नाही. वाचताना मला हसू येतं. आपल्याकडे कुणी डबा दिला की आपण दारात तीनदा म्हणतो ना, "कशाला उगीच, अहो घरात आहे सगळं," आणि हात डब्याकडे गेलेला असतो, तसं. हा माणूस तंबू शिवून पोट भरणारा. थेस्सलनीकेच्या लोकांना तो लिहितो की तुमच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केलं. तुझ्या पहाटे चारची गोष्ट त्याला नवी नव्हती. त्यालाही देणारा म्हणून राहायचं होतं. आणि "मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे" हे त्याने कधी लिहिलं, तर दुसऱ्याने पाठवलेलं घेतलं तेव्हा.

आणखी एक. याच पत्रात "सदा आनंद करा" आहे, जे तुला रविवारी दारात ऐकवतात. याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारात गेल्याचं आहे. पौल लिहितो, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे दुःख होतं, त्यावर आणखी एक रचलं जायचं राहिलं. तो हे लपवत नाही. हसतमुख दिसायचं असतं तर हे वाक्य त्याने खोडलं असतं.

तुला धीराचं उदाहरण म्हणून पंडिता रमाबाईंचं नावही ऐकवलं गेलं असेल. आपल्या पुण्याच्या मंडळ्यांची त्यांच्या मुक्ती मिशनला, केडगावला सहल गेली की परत येताना बसमध्ये कुणीतरी बोलतंच, "बघा, त्या बाईने किती सोसलं." सोसलं खरंच. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. पुढे १९२१ मध्ये ती मनोरमाही त्यांच्या हयातीतच गेली. पण बसमध्ये अर्धीच गोष्ट सांगतात. रमाबाई अमेरिकेत गावोगाव भाषणं देत फिरल्या, लोकांसमोर गरज मांडली, आणि १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी असोसिएशन उभी राहिली, तिने दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. त्यावर १८८९ मध्ये मुंबईला शारदासदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते आपल्या पुण्यात आलं. संस्कृत तोंडपाठ असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी पदवी देऊन गौरवलेली बाई परक्या देशात उभी राहून "आम्हाला मदत लागेल" म्हणाली. त्यांना ते सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही.

मलाही गेलं नाही. आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी वॉर्डातली सिस्टर, सगळ्यांना धीर देणारी. आठ महिने मी चर्चच्या दारात "प्रभूची कृपा" म्हणत राहिले. आमच्या मंडळीत एक बाई होत्या, खडकी बाजारात भाजी विकायच्या, फार शिकलेल्या नव्हत्या. त्या एका दुपारी आल्या, काही विचारलं नाही, प्रार्थनाही केली नाही, सरळ मोरीत बसून खरकट्या भांड्यांचा ढीग घासला आणि गेल्या. मी दारात उभी राहून नुसती बघत होते, लाजेने मेल्यासारखी. पुढच्या मंगळवारी परत आल्या. तिसऱ्या मंगळवारी मी भांडी त्यांच्यासाठी ठेवून दिली होती. हे सांगायला मला अजून जड जातं, पण मी वाचले ती त्या तिसऱ्या मंगळवारी.

उलट बाजूही सांगते, म्हणजे मी शहाणी आहे असं तुला वाटायला नको. नोकरीच्या सुरुवातीला एका पोरसवदा आईचं बाळ गेलं तेव्हा मी तिला "देवाची इच्छा" म्हणाले होते. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते चाळीस वर्षं झाली तरी जात नाही. लोक तुला वचनं फेकून मारतात ना, त्यात दुष्टपणा थोडा आणि घाबरटपणा जास्त असतो. दुसऱ्याचं दुःख बघवत नाही, म्हणून त्याच्यावर पटकन झाकण ठेवायचं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तिथपर्यंत चांगलेच होते. बोलायला लागले आणि घोटाळा झाला. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो आणि म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. आणि ईयोब काय बोलला होता? जन्मदिवसाला शाप दिला होता, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली होती. "ईयोबासारखा धीर धर" असं म्हणणाऱ्याला तिसरा अध्याय मोठ्याने वाचून दाखव.

म्हणून फ्रेम फिरवून ठेवली हे पाप आहे का, असं मला विचारू नको. स्तोत्रं दीडशे आहेत, त्यातली जवळजवळ एक तृतीयांश गाऱ्हाणी आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा विचारतो, "कोठवर?" अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी "तरी मी स्तुती करीन" असं काही नाही. ज्यांनी शास्त्र जमवलं त्यांनी ते काढून टाकलं नाही, शेपूटही जोडलं नाही. तू मोरीत जे बोलतेस ते देवाशीच बोलते आहेस. फक्त नळ बंद कर, पाणीपट्टी आहे.

किती धीर धरायचा, हा तुझा दुसरा प्रश्न, आणि दावीदाच्या "कोठवर" ला जिथे उत्तर मिळालेलं नाही तिथे मी मावशी होऊन आकडा कुठून देऊ? किडनीच्या आजारात शेवटची तारीख नसते, हे तुला माहीत आहे म्हणूनच तू विचारलंस. पण मला तुझ्या प्रश्नात दुसरं काहीतरी ऐकू येतं : तू एकटीने किती धरायचा? त्याचं उत्तर आहे. यापुढे एक दिवसही नाही.

तेव्हा या आठवड्यात पाळकबाईंना फोन कर. पाळकसाहेबांना नको, बाईंना कर, त्यांना मोरीतलं लवकर कळेल. त्यांना "प्रार्थना करा" एवढंच सांगितलंस तर त्या प्रार्थनाच करतील, म्हणून मोजून माग. महिन्याला बारा-तेरा वार होतात, नेण्या-आणण्यासाठी मंडळीत दुचाकी किंवा चारचाकी असलेली चार माणसं लागतील, एकेकाला महिन्यातून तीनदा. वार ठरलेला, वेळ ठरलेली. तरुण संघातली पोरं अशा कामाला लगेच उभी राहतात, त्यांना गाडी चालवायला निमित्त हवंच असतं. मंडळीत मदतनिधी असेल तर त्यातून औषधांचं विचारायचं. एखाद्या निवृत्त बाईंना म्हणायचं की परीक्षेपर्यंत मुलीला दोन तास तुमच्या घरी अभ्यासाला बसू द्या. त्या पोरीचं तू पत्रात एकच वाक्य लिहिलंस. नळ सोडला तरी एका खोलीपलीकडे ऐकू जातं, तिलाही सगळं माहीत आहे.

आणि बाईंकडून मंडळीत निरोप जाऊ दे की भेटायला येताना शहाळं आणू नका. आपल्या लोकांना आजारी माणूस दिसला की शहाळं आणि केळी सुचतात. डायलिसिसच्या पेशंटला नेमकं तेच पोटॅशियम नको असतं, आणि पाणीही मोजून असतं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देतेस ना? नसशील तर आहारतज्ज्ञांना विचारून सुरू कर. ज्या हातात फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी आहे, त्या हातावर बीपी बघायचं नाही, सुई टोचायची नाही, पिशवी उचलायची नाही, आणि प्रार्थनेत जोशात येऊन कुणी तोच हात दाबत असेल तर सांगायचं, दुसरा धरा. उपास-प्रार्थनेचंही तेच. शुगरच्या माणसाने उपास करायचा नसतो. त्यांच्या वाटचा उपास ज्याने "मशीन सोडा" सांगितलं त्याने करावा. (हे जरा तिखट झालं. राहू दे.)

तुला रोजचं मनन जमत नाही असं पत्रात नाही, पण जमत नसणारच, चारला उठणाऱ्या बाईला कुठून जमणार. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो, खा म्हणतो. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा तेच, ऊठ, खा, वाट लांबची आहे. दीडशे पोळ्या लाटून झाल्यावर तू उभ्या उभ्या काय खातेस, हे तुला विचारायचं राहिलं. शेवटच्या दोन पोळ्या मेसच्या डब्यात घालायच्या नाहीत. तूप लावून, बसून खायच्या.

फ्रेमला घाई नाही. फिरवलेली राहू दे. ज्या दिवशी सुलटी करावीशी वाटेल त्या दिवशी तेराच्या खाली पेन्सिलीने चौदाव्या ओवीचा आकडा लिही.

या पत्राचं उत्तर मला छापायला नको, नुसतं पाठव. पुढच्या वाराला कोण घेऊन गेलं आणि मशीनवर वजन किती उतरलं, एवढं लिही.

– मावशी